सामाजिक विषयावर मालिका करायची आहे? आधी शेवटचं भाषण खोडा

गोव्यात डिचोली, पेडणे, फोंडा, सत्तरी, कुठल्याही तालुक्यात जा, देवळाच्या उत्सवाला नाटक बसवणारं एक तरी मंडळ सापडतंच. हल्ली यातल्या बऱ्याच मंडळांना स्थानिक केबल वाहिनीसाठी किंवा यूट्यूबसाठी पाच-सहा भागांची सामाजिक मालिका करायची असते. त्यांच्या संहिता माझ्याकडे वाचायला येतात. विषय चांगले असतात: दारू, जमीन, बाळंतिणीची उदासी, मोबाइलवरचा जुगार. आणि जवळपास प्रत्येक संहितेत शेवटच्या भागात कुणीतरी उभं राहतं आणि सगळ्या वाड्याला पाच मिनिटं शहाणपण शिकवतं. बाकीचे माना डोलावतात. तोवर घरच्या प्रेक्षकाने रिमोट उचललेला असतो.

भाषण हे नुसतं लक्षण आहे. खरी चूक कामाच्या क्रमात असते. आधी शीर्षकगीत, मग संवाद, मग नटांची जुळवाजुळव, आणि चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी वकिलाला नाहीतर डॉक्टरला फोन. खालचा क्रम बरोबर याच्या उलट आहे.

समजायला सोपं जावं म्हणून आमच्या मंडळाच्या मालिकेचं एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. सुमन, वय बेचाळीस. नवरा रामनाथ, एके काळी खाणीवर त्याचा ट्रक होता. रस्त्याकडेला घेतलेली चारशे चौरस मीटरची जागा त्याला विकायची आहे, आणि त्यासाठी सुमनची सही हवी आहे.

टप्पा १ : विषय बाजूला ठेवा, एक कृती लिहा

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहायचं: मालिका पाहिलेल्या माणसाने नंतर काय करावं? ‘स्त्रियांमध्ये जागृती यावी’ असलं वाक्य चालणार नाही. जागृती कॅमेऱ्यात दिसत नाही. ‘बाईने कागद वाचून किंवा वाचून घेऊन मगच सही करावी’ हे चालेल, कारण ते करताना माणूस दिसतो.

एका मालिकेला एकच कृती. सुमनच्या गोष्टीत हुंडा, दारू आणि मुलीचं शिक्षणही घालावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. घालू नका. दारू रामनाथच्या स्वभावाचा भाग म्हणून येऊ दे, पण तिच्यावर उपाय सांगायला बसू नका.

*तपासा:* हे वाक्य मंडळात नसलेल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा, ‘म्हणजे नेमकं काय करायचं?’ त्याला उत्तर देताना तुम्हाला दोन वाक्यं लागली, तर पुन्हा लिहा.

टप्पा २ : विचारपूस, आणि इथे घाई नको

या टप्प्याला तीन आठवडे द्या. निम्मी मंडळं तीन दिवस देतात.

चार तऱ्हेच्या माणसांना भेटायचं. ज्यांच्यावर ही वेळ आली ती. ज्यांच्याकडे मदत मागायला जावं लागतं ती. या गोष्टीला ज्यांचा विरोध आहे ती. आणि ज्यांना यात काही विशेष वाटतच नाही ती. शेवटच्या दोघांना सगळे विसरतात, आणि मग खलनायक पुठ्ठ्याचा होतो. रामनाथसारख्या माणसाशी बोलल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही की तो बायकोला फसवतोय असं त्याला स्वतःला वाटतच नाही. २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या, ट्रकचे हप्ते राहिले, दलाल रोज फोन करतोय. त्याच्या मते तो घर वाचवतोय.

आता कायदा. गोव्यातल्या लेखकांचं सगळ्यात मोठं घसरणं इथेच होतं, कारण डोक्यात मुंबईच्या मालिका असतात. तिथली सून ‘या घरावर तुझा काय हक्क?’ हे ऐकून बॅग भरते. गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर साधारणपणे नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो, आणि नवऱ्याला जागा किंवा घर बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, एकट्या रामनाथचं नाव असलं, म्हणून सुमनचा वाटा जात नाही. आपल्या प्रेक्षकांतल्या कित्येक बायकांना हे ठाऊक नसतं. म्हणजे मुंबईचा प्रसंग उचललात तर नुसती नक्कल होत नाही, तुम्ही घरोघरी चुकीचा कायदा पोचवता.

उलट, गोव्याचा कायदा नीट समजून घेतला तर कथाच सुधारते. माझ्या पहिल्या खर्ड्यात रामनाथ संध्याकाळी विक्रीखत घरी आणतो, सुमन सही करते, जागा गेली. वकीलबाईंनी वाचलं आणि हसल्या. म्हणाल्या, ‘विक्रीखत असं स्वयंपाकघरात होत नाही. घरी आणलेला कागद फार तर विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देतानाचा करारनामा असेल. विक्रीखताला तिला सब-रजिस्ट्रारकडे जावं लागेल, फोटो, अंगठा, सगळं.’ माझी चूक निघाली आणि मला दोन प्रसंग मिळाले: एक घरात, एक कचेरीत. पहिल्या कागदावर ती न वाचता सही करू शकते आणि दुसऱ्याच्या वेळी थांबू शकते. मालिकेचा कणाच तयार झाला.

अर्थात पहिली सही म्हणजे गंमत नव्हे. विसार घेतला की खरेदीदारही हक्क सांगायला येतो. हे वकिलाकडून समजून घ्या आणि चौथ्या भागात ती अडचण येऊ द्या. ‘एकदा सही झाली तरी काही बिघडत नाही’ असा निरोप चुकूनही जाऊ नये.

*सावधान:* कुणाची खरी कहाणी जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडे ‘नावं बदलली आहेत’ हे पुरत नाही. वाडा, धंदा, मुलांची संख्या, जागा कुठे आहे, सगळं बदला. एका मंडळाच्या संहितेत नाव बदललं होतं, पण बाईचा कोपऱ्यावरचा भज्यांचा गाडा तसाच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्या गाड्यावर भजी घ्यायला गर्दी झाली, आणि ती भज्यांसाठी नव्हती.

*तपासा:* पडद्यावर जो दूरध्वनी क्रमांक देणार, तो स्वतः लावून बघा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. ही माहिती सोन्यासारखी आहे, पण फोन उचलणाऱ्या माणसाला प्रसारणाची तारीख आधी सांगून ठेवा. १९७५-७६ साली मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी प्रौढ साक्षरतेवर ‘वेन कॉन्मिगो’ ही मालिका केली. पुस्तिका कुठे मिळतात हे एका भागात दाखवल्यावर तिथे हजारो माणसं येऊन थडकली आणि रस्ते तुंबले. आपल्याकडे एवढं होणार नाही, पण कचेरीत एकच कारकून बसतो आणि तो जेवायला गेलेला असतो.

टप्पा ३ : तीन माणसं, आणि गोष्ट मधल्या माणसाची

साबिदोंची पद्धत जगभर वापरतात ती एका साध्या मांडणीमुळे. एक पात्र ती कृती करणारं, एक विरोधातलं, आणि एक डळमळणारं. प्रेक्षक पहिल्याचं कौतुक करतो, दुसऱ्यावर चिडतो, पण चालतो तिसऱ्याबरोबर. म्हणून सर्वांत जास्त प्रसंग तिसऱ्याला.

आमच्या गोष्टीत करणारी आहे नणंद शालिनी. तिने स्वतःच्या घराचा कागद वकिलाला दाखवून मगच सही केली होती. तिला देवी बनवू नका. शालिनी भांडखोर आहे, येईल तेव्हा टोचून बोलते, वहिनीच्या कढीला नावं ठेवते. सुमनला ती आवडत नाही, म्हणूनच तिचा सल्ला घेणं सुमनला जड जातं. नाट्य तिथे आहे.

विरोधातला रामनाथ. त्याला कारण हवं, आणि त्याच्या वागण्याची किंमत त्यालाच मोजावी लागली पाहिजे. शिक्षा म्हणून अपघात घडवू नका. देव मध्ये आणला की प्रेक्षक म्हणतो, ‘नशीब.’ दलालाने विसाराचे पैसे परत मागितले आणि ते खर्च झालेले आहेत, एवढं पुरे.

डळमळणारी सुमन. सर्वांत धोक्याचं पात्र हेच. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा त्यातली सोसणारी आई भागवंती ही ‘असं वागू नये’ याचं उदाहरण म्हणून रचली होती. कितीतरी प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. पाहणाऱ्याने काय घ्यावं हे लेखकाच्या मनावर नसतं. तेव्हा सुमन मुकाट्याने सही करते, डोळे पुसते, मागे बासरी वाजते, असा प्रसंग लिहिलात तर घरोघरी निरोप जाईल की चांगली बायको अशी असते. सोसणं सुंदर करून दाखवू नका. सही केल्यावर त्याच संध्याकाळी तिची चिडचिड दाखवा, आमटी करपलेली दाखवा. बासरी तर नकोच.

टप्पा ४ : भागांची आखणी

अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटं हातात उरतात. सहा भाग धरा. संवादाचं एकही वाक्य लिहायच्या आधी प्रत्येक भागाला दोन ओळी द्या: या भागात सुमन काय ठरवते, आणि भाग संपताना काय अडतं.

आमची आखणी अशी झाली. पहिल्या भागात फक्त घर: रामनाथचं कर्ज, मुलीची कॉलेजची फी, मे महिना. कायद्याचा उल्लेखही नाही. दुसऱ्यात करारनामा आणि न वाचता सही. तिसऱ्यात शालिनीकडून कळतं की जागेत सुमनचाही वाटा आहे, आणि सुमन तिच्यावरच खेकसते. चौथ्यात ती वकिलाकडे जायला निघते आणि अर्ध्या वाटेवरून परत येते. पाचव्यात सब-रजिस्ट्रारची कचेरी. सहाव्यात त्यानंतरचं घर.

चौथा भाग मंडळातल्या सगळ्यांना ‘लांबण’ वाटला होता. तो काढू नका. माणूस सरळ रेषेत बदलत नाही, एकदा मागे फिरतोच. तो मागे फिरण्याचा भाग नसला, तर जिला अजून हिंमत झालेली नाही तिला वाटतं की ही गोष्ट आपली नाही, कुणा धीट बाईची आहे. आणि सहावा भागही लागतो. कागद वाचायला मागितल्यावर रात्री घरात काय होतं, ही भीती बाईला खरी अडवते. तिथपर्यंत नेऊन मालिका संपवली तर तुम्ही तिला उंबऱ्यावर सोडून दिलंत.

*सावधान:* पहिल्या दोन भागांत उपदेश नको. ‘हम लोग’च्या सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजन ठासून भरलं होतं. लोक वैतागले, मग तो सूर खाली आणावा लागला आणि घरगुती कहाणी पुढे आली. दीडशेच्या वर भाग हातात होते म्हणून त्यांना सुधारायला वेळ मिळाला. तुमच्याकडे सहा आहेत.

टप्पा ५ : प्रसंग लिहिणं

एक नियम फळ्यावर लिहून ठेवा: जे दोघांनाही ठाऊक आहे ते एकाने दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि जे पात्राला ठाऊक असणं शक्य नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही.

पाचव्या भागाच्या आदल्या रात्रीचा प्रसंग घ्या. दलालाने अजून एक कागद दिला आहे, ‘उद्याच्या आधी एवढी एक सही’. पहिल्या खर्ड्यात सुमन म्हणत होती:

‘आपल्या राज्यातील नागरी संहितेनुसार पत्नीचा मालमत्तेत निम्मा वाटा असतो, हे आपणास ठाऊक नाही काय?’

बेचाळीस वर्षांची बाई नवऱ्याशी असं बोलली तर नवरा ताप बघेल. दुसरा खर्डा:

(मागची पडवी. सुमन आणि तिची सासू, मांय, भिरंडं म्हणजे कोकमाची फळं फोडताहेत. सुपात सोलं, सुमनचे हात मनगटापर्यंत लाल. रामनाथ कागद आणि पेन घेऊन येतो.)

रामनाथ : हे एक राहिलं बघ. इथे.
सुमन : हात बघा माझे.
रामनाथ : पुस की गो. दोन मिनिटांचं काम.
सुमन : सोलांचा रंग जात नाही पुसून. कागद खराब होईल. ठेवा तिथे फळीवर.
रामनाथ : तो बाहेर थांबलाय.
सुमन : मग त्याला चहा द्या. मी हात धुऊन वाचते आणि सांगते.
(मांय भिरंड फोडायची थांबते. सुनेकडे बघते. पुन्हा फोडू लागते.)

‘वाचते’ हा एकच शब्द सगळं काम करतो. आणि सासू थांबली, हे कॅमेरा नीट धरतो. रंगमंचावर ते तिसऱ्या रांगेपलीकडे दिसलं नसतं.

भाषेबद्दल थोडं. आपल्यातल्या बऱ्याच घरांत बोलणं कोकणी, वाचणं-लिहिणं मराठी आणि भजनही मराठी. मालिका मराठीत करायची ठरवलीत तर ती पुण्याची मराठी करू नका. ‘मांय’, ‘बाय’, ‘गो’, ‘रे’ राहू द्या, वाक्याचा हेल आपला ठेवा. दुसऱ्या टोकाला, ऐतिहासिक नाटकं करून करून आमच्या नटांची जीभ इतकी वळलेली असते की कचेरीतला कारकूनसुद्धा ‘थांबावं बाईसाहेब, आपली मुद्रा इथे उमटवावी’ म्हणतो. त्याला ‘अंगठा हांगा लावा’ म्हणू द्या. बाकी मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी असा एखादा शब्द येतोच.

*तपासा:* प्रत्येक पानावर सलग तीन ओळींपेक्षा लांब संवाद दिसला की खूण करा. अशा दहा खुणांपैकी आठ ठिकाणी लेखक बोलत असतो, पात्र नव्हे.

टप्पा ६ : वाचन, चित्रीकरणाच्या आधी

हे कुणीच करत नाही, आणि सगळ्यात स्वस्त हेच आहे. बचत गटातल्या दहा-बारा बायका एका दुपारी बोलवा, पुरुषांचं वाचन वेगळं ठेवा. एकत्र बसवलंत तर बायका गप्प राहतात. दोन भाग वाचून दाखवा. ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. सगळ्या ‘बरं आहे’ म्हणतील आणि चहा पिऊन जातील. त्याऐवजी विचारा: पुढे काय होईल? यातली शहाणी कोण? तुम्ही असता तर काय केलं असतं?

आमच्या वाचनात ‘शहाणी कोण’ला निम्म्या जणींनी मांयकडे बोट दाखवलं, कारण ती ‘घर मोडू देत नाही’. मांयच्या तोंडी मी चार फार गोड वाक्यं दिली होती. दोन कापली, आणि तिच्या तरुणपणी तिनेही न वाचता अंगठा दिला होता एवढं एक वाक्य घातलं.

टप्पा ७ : परवानग्या आणि मर्यादा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाहिनी भाग परत पाठवते तो इथल्या चुकांमुळेच.

तंबाखू: रामनाथच्या हातात विडी दिलीत तर सुरुवातीला आणि मध्ये किमान ३० सेकंदांचा आरोग्य संदेश, किमान २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन, आणि ते दृश्य चालू असताना खाली स्थिर इशारा, असं सगळं लागतं. विडी काढून टाका. चिंता दाखवायला माणूस चपला नीट लावून ठेवू शकतो.

मुलं: चौदा वर्षांखालच्या कलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडवायची नाही, आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. ‘आमच्याच भाच्याचा मुलगा आहे’ हा अपवाद कायद्यात नाही.

जागा: सार्वजनिक ठिकाणी चित्रीकरण असेल तर परवानगीसाठी पणजीला गोवा मनोरंजन सोसायटीकडे अर्ज करायचा. सरकारी कचेरीत प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या नादी लागू नका. पंचायतीची जुनी खोली, दोन टेबलं, फायलींचा ढीग आणि भिंतीवर कॅलेंडर, यात सब-रजिस्ट्रारची कचेरी उभी राहते.

तुमचा विषय लैंगिक अत्याचाराचा असेल तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही, अगदी घराचा रंगसुद्धा, खऱ्या घटनेशी जुळता कामा नये. तो गुन्हा आहे. कथेत आत्महत्या येत असेल तर पद्धत दाखवू नका, चिठ्ठी वाचून दाखवू नका, आणि मृत्यू हा प्रश्न सुटण्याचा मार्ग वाटेल असा शेवट करू नका. अडचणीतल्या माणसाने कुणाशी तरी बोलण्याचा प्रसंग घाला आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक द्या.

टप्पा ८ : चित्रीकरण

भागांच्या क्रमाने चित्रीकरण करू नका, जागेच्या क्रमाने करा. पडवीतले सहाही भागांचे प्रसंग एकदम. नवख्या मंडळाने दिवसाला चार-पाच पानांच्या पुढे उडी मारू नये.

आवाज हा आपल्याकडचा खरा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पत्र्यावर पाऊस. इतर वेळी सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, मग मासळीवाल्याचा, मग शेजारच्याचा मिक्सर. चित्रीकरणाच्या आधी एक दिवस त्याच घरात त्याच वेळी नुसते बसा आणि काय काय ऐकू येतं ते घड्याळ लावून लिहा. पदेर किती वाजता येतो हे दिग्दर्शकाला तोंडपाठ पाहिजे. आणि कॅमेऱ्यावरचा माइक विसरा, कपड्याला लावायचा माइक आणा. चित्र थोडं अंधारलं तर प्रेक्षक चालवून घेतो, शब्द ऐकू आला नाही तर उठून जातो.

दुसरा शत्रू प्रॉम्प्टर. उत्सवी नाटकात विंगेतल्या माणसाच्या जिवावर तीन अंक काढलेल्या नटाला पाठांतराची सवय नसते. इथे प्रॉम्प्टरचा आवाज रेकॉर्ड होतो, आणि नटाचे डोळे विंगेकडे वळलेले दिसतात. एकेक प्रसंग पाठ करून घ्या, प्रॉम्प्टरला त्या दिवशी जेवणाच्या व्यवस्थेवर ठेवा. नटांना सांगा की शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बोलायचं नाही. प्रेक्षक आता दोन हातांवर बसलाय.

*तपासा:* प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: हात, कपडे, सूप, घड्याळ. आम्ही भिरंडांचा प्रसंग मे महिन्यात अर्धा केला आणि पाऊस लवकर आला. उरलेला नोव्हेंबरात केला, तेव्हा भिरंडं कुठली? बिटाच्या रसाने सुमनचे हात रंगवले. फोटो नसता तर मनगटाच्या वर किती रंग होता यावरच अर्धा दिवस भांडलो असतो.

टप्पा ९ : प्रसारण आणि त्यानंतरचा आठवडा

वेळ ठरवताना कॅलेंडर बघा. गणेश चवथीचा आठवडा नको, गावच्या जत्रेची रात्र नको.

मदतीचा क्रमांक नामावलीच्या शेवटी टाकायचा नाही, तोवर लोक दुसऱ्या वाहिनीवर गेलेले असतात. ज्या प्रसंगात सुमन कागद मागते तो संपताच, जाहिरातीच्या आधी, निदान दहा सेकंद मोठ्या अक्षरांत दाखवा आणि आवाजात दोनदा सावकाश वाचा. ‘हम लोग’मध्ये भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलत आणि प्रेक्षकाला प्रश्न विचारत. तुमच्याकडे अशोक कुमार नाहीत, पण तालुक्यातली एखादी वकीलबाई असेल. तिला दोनच मिनिटं द्या, कागद वाचताना पहिल्यांदा काय बघायचं एवढंच सांगायला लावा, आणि ‘सदरहू’ म्हणू देऊ नका.

पाचवा भाग लागेल त्या रात्री देवळाच्या सभागृहात किंवा कुणाच्या तरी सोप्यावर पंधरा-वीस माणसं एकत्र बसवा. बघून झालं की लगेच चर्चा सुरू करू नका, पाच मिनिटं त्यांचं त्यांना बोलू द्या. पहिलं वाक्य बहुधा थट्टेचं असतं, ‘आता आमच्या घरीपण कागद वाचणार!’ आणि ते बोलणारा पुरुष असतो. त्याच्यावर तुटून पडू नका. त्याला विचारा, ‘तुमच्या घरी कागद कुठे ठेवता?’ तिथून गप्पा सुरू होतात, आणि निम्म्या बायकांना घराचा कागद कुठे आहे हेच माहीत नसल्याचं कळतं.

गणती ठेवा, पण प्रेक्षकसंख्येची नको. एका वहीत एवढंच लिहा: कुणी फोन केला, काय विचारलं, पुढे कुठे पाठवलं. नाव लिहायचं नाही, तालुका पुरे. प्रसारणाला महिना झाला की वाचनाला आलेल्या त्याच दहा-बारा बायकांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: मधल्या काळात कुठल्या कागदावर सही केली का, आणि आधी वाचला का?

आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आमच्या मालिकेत नव्हताच: ‘भावाने बोलावलंय, माहेरच्या जागेसाठी सही हवी म्हणतो, जाऊ का?’ ती वही आता पुढच्या मालिकेच्या टप्पा १ साठी टेबलावर आहे. शीर्षकगीत मात्र मंडळातल्या एकाने आधीच लिहून आणलंय.